मोहरीएवढा दात

बदनापुरात लाडबाईंच्या नजरेचा मोठा दरारा होता. एकोणिसाव्या वर्षी परतूरहून लग्न होऊन त्या डाळीच्या व्यापाऱ्याच्या घरात आल्या आणि पुढची चाळीस वर्षं दुसऱ्या कुणी निवडलेली डाळ त्यांनी शिजू दिली नाही. गल्लीत लग्न निघालं की तूरडाळीचं ताट आधी त्यांच्यापुढे यायचं. गप्पा मारत निवडायचं आणि खडा लागला की न बघता खांद्यावरून मागे भिरकावायचा, ही त्यांची लकब. सून कनिका पाहुण्यांना बजावायची, "मम्मीजींच्या मागं बसू नका, डोळा जाईल."

गेल्या वर्षी वरच्या खोलीत श्रद्धा भाड्यानं राहायला आली. पोरगी टेंभुर्णीकडची, विद्यापीठात संशोधन करणारी. तिच्या गावाजवळ विहीर खोदताना काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये राखाडी मातीचा पट्टा लागला होता. ती माती पोत्यांनी आणायची, पाण्यात चाळायची, वाळवायची आणि उरलेली कणी भिंगाखाली घेऊन दिवसदिवस बसायचं, हा तिचा उद्योग.

"काय शोधून राह्यली बेटा?"

"दात, काकीजी. डायनासोर होते ना, त्यांच्या काळातल्या जनावराचे. चिचुंद्रीएवढंच असंल. दूध पाजणाऱ्या प्राण्यांच्या मूळ पुरुषांचं चुलत भावंड समजा."

"एवढाल्या धुडांच्या पायाखाली जगलं कसं ते?"

"लपूनछपून."

"आमच्या टायमाच्या सुनांसारखं," लाडबाई म्हणाल्या आणि ताट पुढं ओढलं. "आण इकडं. हे तं डाळ निवडणंच झालं."

आठव्या दिवशी त्यांना दात सापडला. मोहरीएवढा, चहाच्या रंगाचा, वर तीन टोकं. श्रद्धानं त्यांना मिठीच मारली. लाडबाईंनी गल्लीभर सांगितलं, आणि सांगताना दात थोडा मोठाही केला. पण श्रद्धाचे सर म्हणाले, एका दातावर नवीन प्राणी म्हणून कुणी मान्य करणार नाही. असाच दुसरा मिळाला, तर त्याला नाव देता येईल. श्रद्धा दुसऱ्या दातासाठी जीव टाकू लागली.

एप्रिलातल्या एका दुपारी लाडबाई मागच्या ओट्यावर कणी निवडत होत्या. आतून कनिकानं विचारलं, "मम्मीजी, उद्याची डाळ निवडली का?"

"निवडली न्हाई का सकाळीच," म्हणता म्हणता बोटांना काहीतरी लागलं आणि हात सवयीनं खांद्यावरून मागे गेला.

हातून सुटलं तेव्हा डोळ्याला कळलं. चहाचा रंग. तीन टोकं.

अंगणात मुरूम पसरलेला. दिवस मावळेपर्यंत त्या गुडघ्यांवर रांगल्या. संध्याकाळी श्रद्धानं विचारलं, "काही मिळालं, काकीजी?"

"न्हाई बेटा. निस्ती मातीच."

एवढं साधं खोटं, पण ते मनातून जाईना. कोट्यवधी वर्षं तो जीव दगडात तग धरून राहिला, आणि आपल्या हातात आल्यावर वाया गेला! मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणाऱ्या लाडबाईंना स्वतःची लाज वाटू लागली. मागच्या अंगणाला त्यांनी झाडू लागू दिला नाही. गवत वाढलं तरी उपटू दिलं नाही. पावसाळा आला, अंगणातून पाणी वाहिलं, त्या खिडकीतून बघत राहिल्या. श्रद्धानं प्रबंध लिहायला घेतला. त्यात त्या जनावराला नाव नव्हतं, नुसता नंबर होता.

जैनांच्या पर्युषणाचा शेवटचा, संवत्सरीचा दिवस आला. वर्षभरात जाणता-अजाणता जे दुखावले त्यांची क्षमा मागायचा दिवस. लाडबाईंनी सकाळपासून फोनवर पन्नास जणांना हात जोडले. पन्नास जणांनी उलट तेच म्हटलं आणि मंडळी उद्याच्या पारण्याच्या गोष्टींवर आली. याच गर्दीत आपलंही उरकून जाईल, असा त्यांनी हिशेब केला. जिना उतरणाऱ्या श्रद्धाला अडवून त्या घाईघाईनं म्हणाल्या, "बेटा, मिच्छामि दुक्कडम्. काही चुकलं असंल तं माफ कर."

श्रद्धाला हा रिवाज कुठून माहीत असणार? ती थांबली. "कशाबद्दल, काकीजी?"

साठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. लाडबाईंनी सगळं सांगितलं. डाळीचं, हाताचं, संध्याकाळच्या खोट्याचं.

श्रद्धा हळूच म्हणाली, "खडाच असंल तो, काकीजी. इतक्या जल्दीत काय दिसतंय?"

वाट मोकळी होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"न्हाई," लाडबाई म्हणाल्या. "माझी नजर चुकत न्हाई, तुला माहितंय. दातच व्हता."

श्रद्धा मागच्या दारापर्यंत गेली. गुडघाभर गवत, खाली पावसानं धुऊन काढलेला मुरूम. ती उंबऱ्यावर बसली आणि तोंड झाकून रडली. लाडबाई हात जोडून तशाच मागे उभ्या राहिल्या. आपणही उलट क्षमा मागायची असते, हे पोरीला ठाऊक नव्हतं. लाडबाईंनी ते तिला सांगितलं नाही.