माझ्या चेहऱ्याला बसलेला आवाज

हिंदी मालिकांत मी वीसेक वर्षं काढली. आधी नायकाचा मित्र, मग इन्स्पेक्टर, मग वकील आणि केस पिकल्यावर कायमचा नायिकेचा सासरा. सिनेमेही केले, पण त्यांत मी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावं लागतं. मुंबईत सगळे मला मुंबईचाच समजतात. माझं बालपण चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावात, सरकारी क्वार्टर्समध्ये गेलं, बाबा तिथल्या संरक्षण कारखान्यात होते, मी भांडायला शिकलो तोच मुळी तमिळमधून, असं सांगितलं की समोरचा म्हणतो, "पण तुम्ही तसे दिसत नाही!" आता तिकडचा माणूस दिसतो कसा, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आई ताईकडे चेन्नईतच, वेस्ट मांबलमला राहते. काचबिंदूनं तिची दृष्टी गेली, तेव्हापासून ती टीव्ही नुसता ऐकते. माझी सासऱ्याची मालिका तमिळमध्ये डब होऊन दुपारी लागते. शेजारच्या मामी येतात, दोघी कॉफी घेऊन बसतात. मामींना हिंदी कळत नाही, म्हणून आईही तमिळच ऐकते. त्यातला माझा आवाज अर्थातच माझा नाही. चेन्नईतले एक डबिंग कलाकार माझ्या तोंडून बोलतात. काय आवाज आहे हो त्या माणसाचा! मी सुनेवर खेकसलो तरी त्यांच्यामुळे ती माया वाटते.

मला हे खुपायचं. का खुपायचं, ते धड सांगता येत नाही. मालिका चालत होती, कामं मिळत होती, मग तक्रार कसली? पण आई टीव्हीकडे तोंड करून, जीव कानात आणून बसते आणि ऐकते कोणा परक्याला! मी तिला सांगितलंही होतं की तो आवाज दुसऱ्याचा आहे. "हो रे बाबा, माहीत आहे," असं मला म्हणाली आणि लगेच मामींना कौतुकानं तमिळमध्ये सांगू लागली, "आमचा बोलायला लहानपणापासूनच गोड."

त्यामुळे एका तमिळ सिनेमात नायिकेच्या बापाची भूमिका चालून आली, तेव्हा मी हरखलोच. एकदा तरी आईनं पडद्यावरच्या मला माझ्या आवाजात ऐकावं, बस्स, एवढंच डोक्यात होतं.

मुंबईहून आलेल्या नटांसाठी तमिळ सिनेमात रीत ठरलेली आहे. कॅमेऱ्यामागून एक जण वाक्य मोठ्यानं सांगतो, नट त्याच्यामागोमाग कसेबसे ओठ हलवतो आणि आवाज नंतर भरतात. पहिल्याच दिवशी त्या माणसानं तोंड उघडायच्या आत मी अख्खा संवाद म्हणून टाकला. सेटवरचे सगळे वळून बघायला लागले. माझ्या पोटाच्या घेराबद्दल मघापासून तमिळमध्ये बिनधास्त बोलणारा मेकअपवाला तर दिसेनासाच झाला. दिग्दर्शक खूश. मी लगेच घोडं पुढे दामटलं, "डबिंगही मीच करणार."

चेन्नईतल्या वडपळनीच्या स्टुडिओत मुलीच्या पाठवणीच्या प्रसंगाचं डबिंग केलं. जीव ओतला हो त्यात. दिग्दर्शकानं ऐकलं, डोकं खाजवलं.

"सार, तमिळ फर्स्टक्लास. पण हे तुम्ही वाटत नाही."

"अहो, मीच आहे की मी!"

"तुमच्या चेहऱ्याला तो सीरियलचा आवाज बसलाय सार. लोक म्हणतील, सासऱ्याला झालं काय?"

त्यानं सावधगिरी म्हणून तोच प्रसंग त्या डबिंग कलाकारांकडूनही करून घेतला होता. ते तिथेच कोपऱ्यात बसले होते, किडकिडीत, संकोची गृहस्थ. उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मन्निच्चिडुंगो सार." म्हणजे माफ करा. माझाच सासरा माझी माफी मागत होता! मी हसलो, मग रडू यायला लागलं, मग रागही आला. कोणाचा राग, ते काही केल्या कळेना.

दिग्दर्शक भला माणूस. दोन्ही तुकडे मोबाइलवर पाठवून म्हणाला, "घरी ऐका. तुम्ही म्हणाल तो ठेवू."

मी तडक ताईकडे गेलो. ताई म्हणाली, "आईला कशाला विचारतोस? तुझा ठेव नि मोकळा हो." पण मी पडलो हट्टी. मला तिला माझा आवाज ऐकताना पाहायचं होतं ना!

आधी माझा लावला. आई मान खाली घालून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "बरा बोलतो. कोण आहे हा?"

मी दुसरा लावला. पहिल्याच शब्दाला आई ताठ बसली. हात पुढे करून चाचपत तिनं माझा गुडघा धरला. "हां, हा बघ आलास!" पाठवणी संपेपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ताई उठून स्वयंपाकघरात गेली.

तिथेच बसून मी दिग्दर्शकाला निरोप टाकला, 'त्यांचाच ठेवा.' हरलो की जिंकलो, मला उमगेना. आई भेटली होती ती मला की त्या गृहस्थांना?

आई डोळे पुसत म्हणाली, "किती सुरेख बोलतोस रे. मग घरी आलास की तुझ्या आवाजाला काय होतं? फोनवरही तेच, घसा बसल्यासारखा. बोलले नाही कधी. म्हटलं, दमत असशील."

"आई, अगं, हाच माझा..."

"बघ, आताही तस्संच! अगं ए, याला ज्येष्ठमध आण जरा." तिनं चाचपडत माझ्या गळ्यावर हात ठेवला आणि हलकेच चोळत राहिली. "तू आता अजिबात बोलू नकोस. होईल पहिल्यासारखा."