रेनकोटबाईचा काठ

बावीस वर्षं तिनं रेनकोटच्या शिवणी गरम पट्टीखाली चिकटवल्या. तो कारखाना बंद पडला, तेव्हा हातातल्या त्याच कसबावर तिला एका प्रयोगशाळेत काम मिळालं. तिथं प्लॅस्टिकचे सौरपट्टे बनत, गुंडाळून काखोटीला मारता येतील इतके पातळ. दोन पारदर्शक थरांच्या मधे वीज तयार करणाऱ्या पॉलिमरचा जांभळट लेप. त्या लेपाचं आणि ओलाव्याचं हाडवैर, म्हणून चारही कडा घट्ट बंद करायच्या, हे तिचं काम. सगळे तिला रेनकोटबाई म्हणत. तिला त्यात वावगं वाटत नसे.

एके सकाळी मुख्य इंजिनिअरनं फर्मान काढलं. काठात वीज तयार होत नाही, जागा फुकट जाते. तेव्हा काठ दहावरून तीन मिलिमीटरवर आणायचा.

"तीनमध्ये पाणी शिरेल," ती म्हणाली.

"गणित करून ठरवलंय, बाई."

"गणितात कोपरे धरलेत? पट्टा गुंडाळला की आधी कोपराच सुटतो."

"तुम्ही फक्त चिकटवा."

तिनं मशीन बंद केलं आणि हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "मग तुम्हीच चिकटवा. माझ्या हातून गळका माल जायचा नाही."

घरी नवरा म्हणाला, "या वयात दुसरी नोकरी कोण देणार तुला?" पण दुसऱ्या दिवशी ती वेळेवर हजर झाली, आणि कुणाला न विचारता दोन पट्टे बंद करून इंजिनिअरसमोर ठेवले. एक त्याच्या तीनचा. दुसरा सहाचा, कोपरे गोल केलेला.

"दोन्ही शंभरदा गुंडाळा आणि वाफेच्या पेटीत टाका. मी चुकले तर उद्यापासून येत नाही."

सहाव्या दिवशी तीनच्या पट्ट्यावर कोपऱ्यातून फिकट डाग पसरला होता आणि वीज निम्म्यावर आली होती. दुसऱ्याला काही झालं नव्हतं. इंजिनिअरनं मीटरवरचे दोन्ही आकडे टिपून घेतले. मग तो अहवाल लिहायला बसला. 'काठाची रचना' या शब्दांपुढं त्यानं स्वतःचं नाव घातलं.

"तिथं माझं येईल," ती मागून म्हणाली.

"अहवालात कामगारांची नावं नसतात, बाई."

"आता असतील."

ती हलली नाही. शेवटी त्यानं स्वतःचं नाव खोडून तिचं लिहिलं. आडनावातली वेलांटी चुकली होती. तीही तिनं दुरुस्त करून घेतली.