दाराआडची मेथीवाली

नाटकाच्या तालमीहून येऊन मेथी निवडायला बसले, की तिच्या कडसर वासानं मला दौंडची आमची रेल्वे कॉलनी आठवते. मी तेव्हा दुसरीत होते. एका दुपारी दाराआड लपून मी भाजीवाल्या मावशींच्या घोगऱ्या आवाजात ओरडले, "मेथी घ्या वो बाईऽऽ, कवळी हाय!"

आई परात घेऊन धावत बाहेर आली. रस्त्यावर कुणीच नव्हतं. आता ओरडा बसणार, म्हणून मी अंग चोरलं. पण पप्पा खाटेवर हसत उठून बसले. "आगं, ही तर आपली पोरगी हाय!"

"व्हय? मला वाटलं मावशीच आल्या!" आईनं माझा गालगुच्चा घेतला.

मग मी दुपारभर ओरडत राहिले आणि आई दर वेळी परात घेऊन धावत आली. ती खरंच फसतेय, असं मला पुढं कितीतरी वर्षं वाटत होतं.