स्वतःहून आलेला पंच

ती झडती आठवली की मला आजही आधी हसू येतं, मग कान गरम होतात. पंच मिळवणं पोलिसाला किती जिकिरीचं असतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. झडतीला दोन त्रयस्थ माणसं साक्षीला लागतात, आणि पुढे कोर्टाच्या तारखा नकोत म्हणून जीप दिसली की गावकऱ्यांना एकदम शेतातली कामं आठवतात. अशात एक जण धुतलेला सदरा घालून आपणहून पुढे आला, आणि मी नवी कोरी फौजदार त्याला म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून कायदा टिकून आहे!" एवढा मूर्खपणा मी लग्न ठरवतानासुद्धा केला नाही.

ठाणं अकोला जिल्ह्यातलं, गाव बार्शीटाकळीच्या बाजूचं. सकाळी फोनवर निनावी खबर आली. अंगणवाडीत मदतनीस असलेल्या एका विधवा बाईच्या घरी, ज्वारीच्या कोठीत गांजा आहे म्हणे. मी खबर लिहून काढली, प्रत वरिष्ठांकडे पाठवली, स्टेशन डायरीला नोंद घेतली. माल सील करायला लाख, मेणबत्ती, सुतळी, मोहर पिशवीत भरली. खिशात कंगवा ठेवला, कारण एका पेपरवाल्याला 'आज फोटो मिळेल' असं आधीच सांगून बसले होते. एक पंच तालुक्याहून नेला, कचेरीतला कारकून. दुसरा हा सदऱ्यावाला. बाईंच्या शेजारचा किराणा दुकानदार.

सायरन वाजवत जीप शिरली, तेव्हा पंच व्हायला कुणी नसलं तरी बघायला सारं गाव जमलं. बाई पन्नाशीच्या. दारात तांदूळ निवडत होत्या. झडतीचं ऐकून त्यांचे हात थांबले, पण त्या बोलल्या ते दुकानदाराकडे बघून.

"याले कावून आणलं, मॅडम? मधल्या बोळीवरून आमचं भांडण हाय. लई सालं झाले, बोलत नाई आमी."

"आरोपीला पंच कधीच आवडत नसतात," मी ऐटीत म्हणाले. हे वाक्य मला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. ती माझी स्वतःची अक्कल.

मग मी अंमली पदार्थ कायद्याच्या कलम पन्नासप्रमाणे समज दिली. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी हा तुमचा हक्क आहे, हवा आहे का? बहुतेक माणसं घाबरून 'नको' म्हणतात. बाई म्हणाल्या, "बलवा मोठ्या साहेबाले." मला वाटलं, सापडली! मनात चोर नसेल तर साहेब कशाला मागेल?

तहसीलदारबाई जवळच दौऱ्यावर होत्या, तरी यायला वेळ लागला. तोवर दुकानदाराची चुळबुळ सुरू.

"मॅडम, घसा सुकला. आतून पाणी पिऊन येतो."

बाईंनी उंबरठ्यावरच फतकल मारली. "याले माह्या हातचं पाणी चालत नाई. आज कशी तहान लागली? अन् झडतीपयले कोनी आत जायचं नाई, हे तुमीच सांगतलं ना?"

"अहो, पाणी तरी पिऊ द्या त्यांना!" हे कोण म्हणालं असेल? मीच. बाई मात्र उठल्या नाहीत.

तहसीलदारबाईंनी जीपमधून उतरताच विचारलं, "तुमची झडती यांना दिली का?"

घरात शिरण्याआधी पोलिसांनी आणि पंचांनी आपली झडती घरमालकाला द्यायची, म्हणजे आम्हीच काही आत नेऊन ठेवलं असा संशय राहत नाही. मला हे पाठ होतं. पण वर्दीचे खिसे एका मदतनीस बाईपुढे उलटे करायचे? मी पंचनाम्यात 'झडती दिली' असं आधीच लिहून मोकळी झाले होते. ते त्यांनी मला सगळ्यांसमोर खोडायला लावलं.

बाईंनी माझे खिसे तपासले. कंगवा निघाला. "हे बी जप्त करता का?" गर्दी हसली. कारकुनाकडे तंबाखूची डबी निघाली. दुकानदार मागे सरकला.

"मी पंच हाव. आरोपी हाव का?"

"मग तर लवकर आटपेल," तहसीलदारबाई म्हणाल्या.

त्याला लघवीला लागली, पोटात दुखलं, दुकान उघडं राहिल्याचं आठवलं. मला पहिल्यांदाच शंका आली. मी त्यालाही त्याचा हक्क वाचून दाखवला. राजपत्रित अधिकारी म्हणून तहसीलदारबाई समोरच उभ्या होत्या. माझ्यासोबतच्या हवालदारांनी त्याच्या सदऱ्याखालच्या बंडीत हात घातला आणि पेपरात गुंडाळलेली गांजाची पुडी बाहेर काढली.

गर्दीतून दुसरा पंच घेतला, या वेळी वैर आहे का ते विचारून. बाईंची अंगझडती झाली, घराचीही झडती घेतली. तिथे कोठी नव्हतीच. बाईंनी ती केव्हाच मोडून पत्र्याचा ड्रम ठेवला होता. ड्रमात ज्वारी. बाकी निरंक.

ठाण्यात दुकानदार एकच पालुपद लावून बसला, "पुडी रस्त्यात सापडली, तुमालेच देनार होतो." मी ओरडून घसा बसवला. शेवटी थकून दोघांनाही चहा मागवला आणि गप्प बसले. गप्प बसलेल्या पोलिसापुढे माणूस जास्त बोलतो, हे मला तेव्हा कळलं.

"मले काय मालूम तिच्या कोठीत काय हाय ते," तो म्हणाला.

"कोणती कोठी?"

खबरीतली जागा मी पंचांना सांगितलेली नव्हती. त्यानं कप खाली ठेवला. मग सगळं निघालं. फोन त्याचाच. बाई जेलात गेली असती तर बोळ आणि पुढची खोली दुकानात घेता आली असती.

झडतीची ही कलमं केस कोर्टात पडू नये म्हणून पाळायची, असं मी तोवर समजत होते. ती उंबरठ्यावर बसलेल्या माणसासाठी असतात. बाई पाणी द्यायला उठल्या असत्या, तर जामिनासाठी हेलपाटे आणि गेलेली नोकरी त्यांच्या वाट्याला आली असती, आणि मी फोटोत हसत असते. पुढे चांदूर बाजारपासून बडनेऱ्यापर्यंत जिथे जिथे झडती घेतली, तिथे पहिले खिसे माझे उलटे झाले.

त्या झडतीच्या दुसऱ्या दिवशी पंचनाम्याची प्रत द्यायला मी अंगणवाडीत गेले. बाई खिचडी ढवळत होत्या. मी म्हणाले, "चुकलं माझं, काकू. काही सापडलं नाही असं यात स्पष्ट लिहिलंय."

त्यांनी कागद वरखाली पाहिला आणि म्हणाल्या, "हा कागद गावात कोन वाचते, बाई? काल सायरन वाजवत आलती, तवा सारं गाव जमा झालतं. आता बी तशीच वाजवत जाय, अन् चौकात उतरून सांग का या बाईच्या घरात काई नोतं म्हून."