डाव्या कौलाच्या पुढे

त्या दिवसांत मी देवीशी बोलणं टाकलं होतं. एस.टी.च्या थांब्याकडे जाताना देवळावरून जावं लागे, पण मी मान वळवत नसे. लोक आपले अनुभव सांगतात तेव्हा आधी श्रद्धा असते, मग संकट येतं, मग देव धावून येतो. माझं सगळं उलटंच. संकट देवीनंच आणलंय अशी माझी खात्री होती, आणि मी तिच्यावर इतकी चिडले होते की सकाळी तुळशीला पाणी घालतानाही ओठ घट्ट मिटलेले असत. पुढे जे घडलं ते सरळ सांगते. त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आमचं गाव पूर्णगडच्या अलीकडचं, कातळावरचं. गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. बाबा मालवाहू बोटीवर खलाशी होते, त्यामुळे घर चालवत ते बाबांचे थोरले भाऊ, आबा. आबा देवळाचे मानकरी, माणूस सच्चा, पण त्यांच्यापुढे घरात कुणी ब्र काढत नसे. माझी आई तर नाहीच. मी रोज एस.टी.नं रत्नागिरीला जाऊन गणितात बी.एस्सी. केलं होतं, आणि त्याच वेळी आमच्या कॉलेजनं कॉम्प्युटरचा वर्षभराचा वर्ग काढला, त्यात नाव घातलं. गावात कुणाला विचारावं तर, "टायपिंगच ना गो ते?" कॉम्प्युटरच्या खोलीत गारवा असे आणि चपला बाहेर काढून आत जावं लागे, हे मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मग देऊळच की!"

वर्ग संपत आला आणि सरांनी सांगितलं की मुंबईची एक कंपनी शिकाऊ प्रोग्रामर निवडायला थेट आपल्या कॉलेजात येणार. असं कधी झालं नव्हतं. निवड झाली तर नोकरी मुंबईत. मी घरी येऊन हे सांगितलं, आणि आबांनी पानाचं तबक बाजूला सारून एवढंच म्हटलं, "देवीस विचारूया."

आमच्याकडे कुठलीही मोठी गोष्ट ग्रामदेवतेला, म्हणजे पावणाईला, विचारल्याशिवाय होत नाही. तिला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपलं म्हणणं देवीच्या कानावर घालतो, आणि मग सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी कॉलेजात असताना आबांनी कौल लावून घेतला. संध्याकाळी घरी आले तर आई चुलीपुढे पाठमोरी. "डावा पडला गो," ती म्हणाली, आणि निखारे उगाचच ढोसत राहिली.

मी थेट पडवीत गेले. आबा समजावणीच्या सुरात बोलले. एकटी पोर, एवढं मोठं शहर, बापूस समुद्रात, काही झालं तर जाब कुणी द्यायचा? त्यांचं काही अगदीच चुकत नव्हतं, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. "देवी नाय म्हणाली," ते म्हणाले. मी म्हटलं, "देवी नाय म्हणाली असंल तर मीही तिला नाय म्हणते." आईनं आतून माझं नाव घेऊन हाक मारली, तीही अर्धीच. आबा पांढरेफटक पडले. रागानं नव्हे हो, भीतीनं. कौल मोडणाऱ्याचं काय होतं याच्या गोष्टी आमच्याकडे पोरं पाळण्यापासून ऐकतात.

मुलाखतीच्या दिवशी मी उठले तेव्हा आईनं पेज करून ठेवलेली. जा म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. माझ्या परकरी वयापासून पेटीत जपलेली तिची निळी साडी मात्र घडी मोडून दोरीवर टाकलेली होती. मी ती नेसले आणि निघाले. देवळासमोर पहिल्यांदाच थांबले आणि मनात म्हटलं, काय करायचं ते कर.

आणि बघा, एस.टी. आलीच नाही. थांब्यावरची माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू गाडी मीच बंद पाडलीय. सगळ्या गावाला कौल ठाऊक होता. शेवटी पूर्णगडकडून मासळीचा टेम्पो आला आणि त्यात बसलेल्या एका मच्छीवालीनं, ओळख ना पाळख, मला हात करून वर घेतलं. "परीक्षा हाय काय गो?" मी हो म्हटलं. तिनं आपल्या टोपल्या पायानं सरकवल्या, मला बसायला पाट दिला आणि माझी साडी ओल्या फळीला लागू नये म्हणून स्वतःचा पदर मध्ये घातला. रत्नागिरीलगतच्या भाट्याच्या खाडीपर्यंत ती ड्रायव्हरला घाई करत राहिली, जणू परीक्षा तिच्याच लेकीची. तरी व्हायचं ते झालंच. प्राचार्यांच्या खोलीबाहेर मी उभी राहिले तेव्हा निळ्या साडीला बांगडा मासळीचा उग्र वास येत होता आणि रांगेतली शहरातली पोरं नाकाला रुमाल लावत होती. मी म्हटलं, लावा. मी काही कोपऱ्यात जाणार नाही.

आत तिघे होते. दोघे तरुण, टाय लावलेले, फाडफाड इंग्रजी. तिसरे वयस्क, टक्कल पडलेले, खुर्चीत रेलून बसलेले. पहिल्या प्रश्नांना माझं इंग्रजी असं अडखळलं की माझे मलाच कान गरम झाले. मग एक टायवाला म्हणाला, रोजच्या आयुष्यात तुमच्या घरी निर्णय कसा घेतात त्याचा फ्लोचार्ट काढा. आम्हाला वर्गात शिकवलं होतं: काम असेल तिथे साधी चौकट, प्रश्न असेल तिथे शंकरपाळ्यासारखी तिरकी, आणि उत्तराप्रमाणे तिला बाण. बाकीच्यांनी बहुधा बाजारहाट, प्रवास असलं काही काढलं असेल. माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच निर्णय होता. मी रागारागानं कौल काढला. वर गाऱ्हाणं, खाली पाकळ्या, मग शंकरपाळं: कुठली पडली? उजवी, तर कामाला लागा. डावी, तर थांबा. संपलं. कागद त्यांच्या पुढ्यात सरकवला.

तरुणांना काही उलगडा होईना. टक्कलवाल्यांनी मात्र कागद ओढून घेतला आणि मराठीत म्हणाले, "सांगा बरं, हे काय आहे?" मी सांगितलं. मराठी सुरू झाल्यावर माझी जीभ सुटली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डाव्या बाजूच्या त्या शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. म्हणाले, "डावी पडली की खरंच सगळे घरी जातात? आणखी काही करत नाहीत?"

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा. आणि डोळ्यांसमोर आमची विहीर आली. मी लहान होते. विहीर कुठे खणायची म्हणून आबांनी कौल लावला, तेव्हा डावी पडली. तर गुरवानं म्हटलं, आई, जागा चुकली काय? पुन्हा पाकळ्या लावल्या. मग फणसाखाली खणू काय? डावी. परसात खणू काय? डावी. काही देणं राहिलंय काय, कुणाचं मन दुखावलंय काय, सगळं विचारून झालं, आणि चढणीच्या कोपऱ्याचं नाव घेतल्यावर उजवी पडली. तिथेच आजही पाणी आहे. अहो, आमच्याकडे पहिल्या डाव्या कौलाला कुणी कधी घरी जातच नाही! नकार आला की काय कमी पडलं ते विचारायचं, प्रश्न बदलायचा आणि पुन्हा तिच्यापुढे उभं राहायचं, हीच तर रीत. विहिरीसाठी आबा सकाळपासून दुपारपर्यंत उभे होते. माझ्यासाठी ते पहिल्याच पाकळीला घरी आले होते.

हे मी मनात म्हटलं असं मला वाटलं, पण बोलले मोठ्यानं. बोलता बोलता ती 'थांबा'ची चौकट पेनानं खोडून टाकली आणि तिथून बाण वळवून थेट वर गाऱ्हाण्याला नेऊन भिडवला. मग टक्कलवाल्यांनी ते इंग्रजीत त्या दोघांना समजावलं, आणि एक टायवाला डोळे बारीक करून म्हणाला, पण हे चक्र असंच फिरत राहिलं तर? कधी थांबणारच नाही. मी म्हटलं, "थांबेल की. गुरवाला जेवायला जायचं असतं." टक्कलवाले इतके हसले की बाहेर शिपायानं दार उघडून बघितलं. त्यानंतर त्यांनी मला खरे अवघड प्रश्न विचारले, आणि ते मला आले.

त्या माणसाला पावणाई कुठली ठाऊक असणार? त्यांचं बोट त्या चौकटीवरच का पडलं, कागदावर बाकी इतकं काही होतं, हे मी आजपर्यंत स्वतःला विचारते. उत्तर माझ्यापाशी आहे, पण ते कुणाशी वादात घालायचं नाही.

संध्याकाळी निवडलेल्यांत माझं नाव वाचलं गेलं. घरी येऊन मी आबांना आधी ते सांगितलंच नाही. म्हटलं, "पुन्हा कौल लावा. ह्या वेळी मी स्वतः उभी राहणार."

"लावलाय एकदा."

"विहिरीस कितीदा लावलात, आबा?"

आबा उठून माझ्यापुढे उभे राहिले. मला वाटलं आता थोबाडीत बसते. पण मी आधीच म्हटलंय, माणूस सच्चा होता. "उद्या सकाळी न्हाऊन ये," म्हणाले.

सकाळी देवळात आम्ही चौघंच: आबा, मी, पाकळ्या लावणारे गुरवकाका, आणि मागे खांबाला धरून आई. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, "गे आई पावणाई, ही तुझी लेक तुझ्या दारात उभी हाय. पोटापाण्याला मुंबईस जायचं म्हणते. जाऊ दे काय?" मी हात जोडले खरे, पण मान ताठ. मनात म्हणत होते, मी परवानगी मागायला आलेली नाही, कळवायला आलेय. आणि पाकळी पडली. डावी.

काल तिघांसमोर एवढी बडबड केली, आज त्या पाकळीनं सगळी मिजास उतरवली. आबाही खूश दिसले नाहीत, हे मला आजही आठवतं. गुरवकाकांनी नव्या पाकळ्या लावल्या. "काय उणं पडतं आई? राखणीचा कोंबडा द्यायचा काय?" डावी. "बापूस परत येईस्तोवर थांबू दे काय?" मी डोळे मिटले. ह्याला उजवी पडली असती तर बाबा यायला वर्ष होतं आणि नोकरी तोवर कुणी राखून ठेवणार नव्हतं. डोळे उघडले. डावीच. खरं सांगते, त्या नकाराएवढा गोड नकार मी आयुष्यात ऐकलेला नाही. पण आता विचारायचं काय, हेच कुणाला सुचेना.

तेव्हा मागून आवाज आला. "विचारा गुरवांनू," आई म्हणाली. तिचा आवाज मी त्या देवळात कधी ऐकला नव्हता. "विचारा, आऊस संगती गेली तर?"

आबा गर्रकन वळले. गुरवकाका मूर्तीकडे बघायचे सोडून आईकडे बघत राहिले. आईनं खांब सोडला आणि पुढे येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. गुरवकाकांनी पाकळ्या लावल्या, प्रश्न विचारला, आणि त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत उजवी पाकळी घरंगळून देवीच्या पायाशी आली.

पहिला नमस्कार आबांनी घातला. ज्या माणसानं कौलासाठी मला अडवलं, त्यानंच कौलासाठी आमच्या दोघींचं सामान स्वतः एस.टी.च्या टपावर चढवलं आणि पुन्हा कधी त्यावर एक शब्द काढला नाही. मला मात्र आधी रागच आला होता, खोटं कशाला बोलू? मला एकटीनं जायचं होतं, मोकळं. देवीनं गळ्यात आईच घातली! बाबांच्या बोटीवरच्या एका सोबत्याची डोंबिवलीची खोली मिळाली, आणि पहिल्या महिन्यात कंपनीतल्या थंडगार खोलीतून रडकुंडीला येऊन मी घरी परतले तेव्हा दारात वाट बघणारी आई होती. बाबांची बोट मुंबईला लागली की ते गावी जाऊन चार दिवसांत परत फिरायचे. आता थेट आमच्याकडे येऊ लागले. माझ्या आईवडिलांना मी एका घरात संसार करताना पहिल्यांदा बघितलं ते डोंबिवलीत.

शरण जाणं म्हणजे मुकाट बसणं, असं मला वाटायचं, म्हणून त्या शब्दाची चीड होती. आता वाटतं, तिच्यापुढे उभं राहावं, भांडावं, पुन्हा पुन्हा विचारावं, आणि ती जे देईल ते आपण मागितलेलं नसलं तरी घ्यावं. माझी मान अजून ताठच आहे. ती तशीच तिच्यापुढे वाकवते.

पुष्कळ वर्षांनी एकदा भाजी निवडता निवडता मी आईला म्हटलं, त्या दिवशी तू बोललीस म्हणून माझं आयुष्य उभं राहिलं. आईनं मान वर न करता शेंगा सोलणं चालूच ठेवलं.

"तुझ्यासाठी कुठं गो," ती म्हणाली. "तू काय, डाव्यावरपण गेलीच असतीस. मी माझं विचारलं."