शिंगाडे मामांची तिरपी प्लेट

रायफल रेंजवर फायरिंग चालू असताना कुणी तोंड उघडायचं नसतं. त्यामुळे दोन तास पोटात दाबलेलं सगळं चहाच्या वेळी एकदम बाहेर पडतं आणि किस्से वाढत जातात. आमच्या रेंजवरचे निम्मे किस्से तर एकाच माणसाचे आहेत, शिंगाडे मामांचे.

मी नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरी करतो आणि रविवारी नेमबाजी. बाकी कुणी हो म्हणेना म्हणून क्लबचा सेक्रेटरीही मीच. रेंज मंठा रोडला, गावाबाहेर. मामा तिथले कोच. फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, हवालदार म्हणून रिटायर झाले. मूळचे मंठ्याकडचे, घरी अजून मेंढरं आहेत.

*

सुरुवात मेंढरांवरूनच झाली.

टार्गेटच्या मागं मातीचा मोठा बांध होता. आमच्या सगळ्यांच्या गोळ्या वर्षानुवर्षं त्या बांधात जाऊन बसायच्या. एका रविवारी फायरिंग संपलं आणि बघतो तर बांधाच्या पायथ्याशी साचलेल्या डबक्यावर मेंढरांचा कळप पाणी पीत होता. मी धनगराला आवाज द्यायला निघालो. 'प्रवेश बंद'चा एवढा मोठा बोर्ड लावला होता आम्ही.

मामांनी मला थांबवलं. आधी जाऊन मेंढरं पाण्यावरून हाकलली. मग बांधात हात घातला आणि माझ्या तळहातावर चेपलेल्या, करड्या गोळ्यांचा ढीग ठेवला. सगळं शिसं.

"पावसाचं पाणी ह्याच्यातून झिरपून तिथं येऊन राह्यलं," ते म्हणाले. "अन् बोर्ड मेंढराला वाचता येत न्हाई, सर."

त्यांनी रायफली कुलपात टाकल्या. गोळ्या धरून ठेवायची पक्की सोय होईपर्यंत फायरिंग बंद. मी म्हटलं, मामा, असं एकदम कसं, कमिटीला विचारावं लागेल.

"इचारा की. आधी त्या डबक्यातलं एक-एक गिलास पाजा, मंग इचारा."

कमिटीनं एकमतानं मंजुरी दिली.

*

या बंदचा खरा फटका बसला वैशालीला. वैशाली आमची सगळ्यात चांगली नेमबाज. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, भोकरदनहून एसटीनं यायची. राज्य स्पर्धा दीड महिन्यावर आलेली. ती रडली नाही, पण मामांशी दोन दिवस बोलली नाही.

मामांनी तिला निरोप धाडला, की गोळ्या बंद आहेत, सराव बंद नाही. मग ती दर रविवारी यायची आणि रिकामी रायफल घेऊन चटईवर पालथी पडायची. मामा नळीवर एक नाणं ठेवायचे. नेम धरायचा, ट्रिगर दाबायचा, नाणं पडलं नाही पाहिजे. असं दोन-दोन तास.

एकदा तिचे वडील आले. शेतकरी माणूस. पोरीचं वर्ष वाया चाललं म्हणून जाब विचारायलाच आले होते. तासभर उभ्यानं बघत राहिले. शेवटी न राहवून त्यांनी मामांना विचारलं, "ही नेमकं काय करून राह्यली?"

"काहीच न्हाई," मामा हळूच म्हणाले. "लई अवघड असतंय ते."

पुढच्या रविवारी वडील पुन्हा आले. येताना मामांसाठी डबा होता.

*

आता गोळ्या धरायच्या कशा? क्लबात एक इंजिनिअर मेंबर आहेत, हुशार माणूस. त्यांचं म्हणणं होतं, जालन्यात लोखंडाला तोटा नाही, एक जाड प्लेट सरळ उभी करू, विषय संपला. मामा म्हणाले, सरळ प्लेटीवर गोळी फुटते आणि तिचे कण माघारी येतात. प्लेट तिरपी पाहिजे, वरची कड आपल्याकडं झुकलेली, म्हणजे गोळी घसरून खाली वाळूच्या ट्रेमध्ये पडते. किती तिरपी, यावर वाद सुरू झाला.

मामा वाद घालत नाहीत. त्यांनी एक फळी सरळ उभी केली, पाण्याचा पाइप इंजिनिअर साहेबांच्या हातात दिला आणि फळीवर धार मारायला सांगितलं. साहेब रविवारचा पांढरा शर्ट घालून आलेले. एका मिनिटात छातीपर्यंत भिजले. मग मामा फळी थोडी-थोडी पुढं झुकवत गेले. एका ठिकाणी सगळं पाणी खाली पडायला लागलं, अंगावर थेंब नाही. मामांनी तिथं खडूनं खूण केली.

साहेब मनाचे मोठे. घरी जाऊन त्यांनी गणित मांडलं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून सांगितलं, "कोन बरोबर आहे. माझा शर्टच साक्षीदार आहे."

*

प्लेट बनवली रशीदभाईंनी. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. आयुष्यात बंदूक हातात धरली नाही, पण मामांनी त्यांना एकदाच समजावलं, की गोळी जिथून घसरणार तिथं बोल्ट नको, वेल्डिंगचा उंचवटा नको. ठेच लागली की गोळी कुठंही जाईल.

मी बघायला गेलो तेव्हा प्लेटचे सांधे ग्राइंडरनं घासून झाले होते. रशीदभाई खिशातला मलमलचा रुमाल प्लेटवरून फिरवत होते. एका जागी धागा अडकला. त्यांनी पुन्हा ग्राइंडर चालू केला. पुन्हा रुमाल. पुन्हा धागा. मला उशीर होत होता. मी म्हटलं, भाई, रंग दिल्यावर कुणाला दिसणार आहे?

ते म्हणाले, "बघणार कोन न्हाई सर. लेकिन गोळी तर तिथूनच जानार ना?"

मी गुमान स्टूल ओढून बसलो.

*

प्लेट तयार होईपर्यंत आम्ही जुना बांध चाळत होतो. माती ओली करून, मोठ्या चाळण्या लावून, हातमोजे आणि मास्क घालून. शिसं झाकणाच्या ड्रममध्ये, माती वेगळी. मामांचा एकच कायदा होता: साबणानं दोनदा हात धुतल्याशिवाय चहा नाही.

त्यातच एक मोठे अधिकारी पाहणीला आले. त्यांना काम फार आवडलं. त्यांनी कौतुकानं मूठभर गोळ्या उचलल्या, वजन बघितलं, माझी पाठ थोपटली. तेवढ्यात चहा आला. साहेबांनी कप उचलला आणि मामांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

सगळे गार. रेंजचा परवाना याच साहेबांच्या शेऱ्यावर अवलंबून.

"साहेब, आधी साबण," मामा म्हणाले.

साहेब मुकाट नळावर गेले, हात धुऊन आले, कपाला हात घातला.

"दोनदा," मामा म्हणाले.

साहेब परत गेले. त्यांच्या शेऱ्यातलं पहिलं वाक्य होतं, 'रेंजवर शिस्त उत्तम आहे.'

*

वैशालीचं काय झालं ते आधी सांगून टाकतो. स्पर्धेच्या आधी तिला खऱ्या गोळ्यांचा सराव जेमतेम आठवडाभर मिळाला आणि ती पुढच्या फेरीला एका गुणानं पात्र ठरली. पण मला सांगायचं आहे ते प्लेट बसवली त्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

पहिल्या गोळ्या वैशालीनं मारायच्या असं ठरलं होतं. सगळे जमलो. वैशाली चटईवर पालथी झोपली, दहा गोळ्या मारल्या. प्रत्येक वेळी प्लेटचा टण् आवाज आणि खाली वाळूत धप्. एक कण माघारी आला नाही. रशीदभाईंनी डोळे पुसले.

मामांनी मला ट्रे चाळून गोळ्या मोजायला सांगितलं. एकही बाहेर गेली नाही, हे पाहायचं होतं. मी वाळू चाळली, मोजल्या. अकरा.

पुन्हा मोजल्या. अकराच. वैशाली म्हणाली, मी दहाच मारल्या. टार्गेटवर भोकंही दहाच. ट्रे नवा, वाळू नवी, आदल्या दिवशीच भरलेली.

रशीदभाई म्हणाले, "लोखंड काय शिसं पैदा करत न्हाई."

मामा चटई झटकत बसले होते.

आमच्याकडं प्रत्येक गोळीची नोंद रजिस्टरमध्ये होते. कुणी मारली, कशासाठी मारली, सोबत कोण होतं. सोबत दुसरा माणूस असल्याशिवाय रायफल उचलायचीच नाही, हा नियम मामांनीच घातलेला, आणि त्यासाठी त्यांनी एका जुन्या मेंबरला महिनाभर घरी बसवलं होतं. मी रजिस्टर उघडलं.

आदल्या दिवशीची शेवटची ओळ मामांच्या अक्षरात होती. गोळी: एक. मारणार: शिंगाडे. सोबत: कोणी नाही. नियम मोडला, उद्यानंतर एक महिना घरी.

आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'उद्या इथं पोरगी झोपणार हाय.'