झाकून ठेवलेला कप

बहिणीने पुण्याहून माझ्या बायकोसाठी पाठवलेल्या साडीच्या घडीत सुकलेला दवणा निघाला, आणि जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या घरात बसल्याबसल्या मला ड्रेस्डेनचं स्वयंपाकघर आठवलं.

शिकत असताना मी तिथे एका सामाईक फ्लॅटमध्ये राहायचो. त्याच फ्लॅटमध्ये दक्षिण आफ्रिकेची नोमसा राहायची. एका सकाळी ती पातेल्यात करड्या रंगाची बारीक पानं उकळत होती. वास थेट दवण्याचा. त्यांच्याकडे याला उम्लोन्याने म्हणतात आणि ताप-खोकल्यावर देतात, असं तिने सांगितलं.

म्हणजे काढा. आमच्याकडे काढा उकळतोय म्हटलं की घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असायचं. मी सवयीने विचारलं, "कोण आजारी आहे?"

"आई," ती म्हणाली. "तिकडे, गावी."

तिने दोन कप भरले. एक माझ्यापुढे सरकवला. मला काही झालेलं नाही, असं सांगून मी लेक्चरला निघून गेलो.

तिला औषध द्यायचं नव्हतं, सोबत हवी होती, हे आता कळतं. संध्याकाळी परत आलो तेव्हा माझा कप बशीने झाकून ठेवलेला होता. मी तो सिंकमध्ये ओतला आणि स्वच्छ धुऊन जागेवर ठेवला.